योगाचे फायदे खरे, पण सांगितली जाणारी कारणं?

अनवट

नमस्कार मंडळी,

२१ जून जवळ आला की ढकलपत्रांचा पूर येतो. सर्वांगासनाने थायरॉइड बरा होतो, कपालभातीने रक्तातला ऑक्सिजन दुप्पट होतो, पिळाच्या आसनांनी यकृतातलं विष पिळून बाहेर पडतं, वगैरे. हे वाचून वैतागलेली मंडळी मग सगळाच योग थोतांड म्हणून निकालात काढतात. मला दोन्ही पटत नाही. नियमित योग करणाऱ्याला फायदा होतो, तो मोजताही आला आहे. पण तो कशामुळे होतो हे सांगताना इतकी थापेबाजी चालते की माणसं नको ते आणि नको तितकं करत बसतात.

ऑक्सिजनचंच घ्या. निरोगी माणसाच्या धमन्यांतलं हिमोग्लोबिन बसल्या जागी, काहीही न करता ९५ ते ९९ टक्के ऑक्सिजनने भरलेलं असतं. त्यात आणखी भरायला जागा आहेच किती? भराभर आणि खोल श्वास घेतला की बदलतो तो कार्बन डायऑक्साइड. तो गरजेपेक्षा जास्त बाहेर गेला की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात, ओठांभोवती चुणचुणतं. वर्गात याला 'ऊर्जा जाणवली' म्हणतात. ऊर्जा कसली, मेंदूला रक्त कमी पोचतंय!

खरी गंमत याच्या उलट बाजूला आहे, संथ श्वासात. मनगटावर नाडी धरून बसा आणि सावकाश श्वास घ्या. श्वास आत घेताना ठोके किंचित भराभर पडतात, सोडताना किंचित रेंगाळतात. बहुतेकांना हे बोटाला कळतं, विशेषतः तरुणांना. हे वेगस नावाच्या चेतातंतूचं काम. शिवाय मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या धमन्यांच्या भिंतीत रक्तदाब ओळखणारे संवेदक असतात. दाब वाढला की ते मेंदूला कळवतात, मेंदू ठोके कमी करतो, वाहिन्या सैल सोडतो. या सगळ्या फेऱ्याला साधारण दहा सेकंद लागतात. म्हणजे मिनिटाला सहा श्वास घेतले तर श्वासाची लय आणि या यंत्रणेची लय जुळते. झोपाळ्याला नेमक्या वेळी हात लावला की कमी जोरात मोठा झोका जातो, तसं. दाब सांभाळणारी यंत्रणा जास्त तल्लख होते.

२००१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक छोटा अभ्यास आला होता. २३ निरोगी माणसांना एकदा 'ॐ मणिपद्मे हुम्' म्हणायला लावलं आणि एकदा ख्रिस्ती जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि ती यंत्रणा सुधारलेली दिसली. देव वेगळे, भाषा वेगळ्या, लय तीच.

माझं म्हणणं एवढंच, की योगाचा फायदा संथ श्वास, स्नायूंना मिळणारं काम आणि जागेवर ठेवलेलं लक्ष या तिघांचा आहे. विष पिळून काढण्याचा त्यात काही संबंध नाही. तुमचे अनुभव काय? विरोधी मतंही येऊ द्यात.

---

खडूस_काका

लेख आवडला, पण तुम्हीही शेवटी भजनी लागलातच की.

माझा प्रश्न सरळ आहे. तासभर योग करण्यापेक्षा तासभर भराभर चाललो तर काय बिघडलं? साध्या हठयोगाच्या वर्गात शरीर स्वस्थ बसण्याच्या अडीच पट ऊर्जा खर्च करतं. साधं चालणंही त्याच्या वर जातं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमवणारा व्यायाम सांगते. शवासन धरून तो कोटा कसा भरणार?

आणि २०११ सालचा तो पाठदुखीचा अभ्यास कुणी सांगत नाही. २२८ माणसं, एका गटाला योग, दुसऱ्याला साधे ताण देण्याचे व्यायाम, तिसऱ्याच्या हातात नुसतं माहितीचं पुस्तक. योगवाले पुस्तकवाल्यांपेक्षा बरे झाले, पण ताणवाल्यांइतकेच. मग हजारो वर्षांच्या विद्येचं एवढं स्तोम कशाला?

(हलके घ्या. मी रोज सूर्यनमस्कार घालतो, पण ते व्यायाम म्हणून.)

---

सांधेदुरुस्ती

काकांचा मुद्दा बरोबर आहे, म्हणून तो नीट पुढे नेते. मी फिजिओथेरपिस्ट आहे.

काकांनी सांगितलेल्या अभ्यासानंतर २०१७ साली आणखी एक झाला. ३२० माणसं, जुनाट कंबरदुखी, बारा आठवडे. त्यात योगाचे वर्ग आमच्या फिजिओथेरपीपेक्षा कमी पडले नाहीत. आमच्या धंद्यातल्यांना ते तेव्हा झोंबलं होतं हे सांगायला हरकत नाही. त्याच वर्षी अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने जुनाट कंबरदुखीसाठी आधी औषधाविना उपाय करा असं सांगितलं, आणि त्या उपायांत योगाचं नाव आहे. पण २०२२ साली कॉक्रेनने (वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणारी संस्था) २१ चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा चित्र बरंच थंड निघालं. काहीच न करणाऱ्यांच्या तुलनेत हालचालीत थोडी सुधारणा, दुखण्यात त्याहून कमी, आणि पाठीच्या इतर व्यायामांच्या तुलनेत जवळजवळ काही फरक नाही. काही जणांची पाठ योगाने जास्त दुखायला लागली, हेही त्यात आहे.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी विचारते, तुम्हाला यातलं काय करायला कंटाळा येणार नाही? भिंतीकडे तोंड करून दिलेले व्यायाम तिसऱ्या आठवड्यात सुटतात. योगाचा वर्ग लोक वर्षानुवर्षं करतात, कारण तिथे शिकण्यासारखं काहीतरी उरलेलं असतं. माझ्या लेखी हा त्याचा मोठा गुण आहे.

दमण्याचं म्हणाल तर ते काय करता त्यावर आहे. पवनमुक्तासन आणि सलग घातलेले सूर्यनमस्कार एका मापाने मोजू नका, वेगाने घातलेले नमस्कार धावण्याच्या जवळ जातात. आणि चालण्यात जे मिळत नाही ते इथे मिळतं. हातांवर वजन घेणं, खांदे डोक्याच्या वर नेणं, एका पायावर तोल सांभाळणं. पासष्टीपुढच्यांना तर तोलाचा व्यायाम आठवड्यातून तीन दिवस करा असं तीच जागतिक आरोग्य संघटना सांगते, काका.

आणखी एक गोष्ट. सुरुवातीला पायाच्या अंगठ्याला हात पोचत नव्हते आणि काही आठवड्यांनी पोचले, की लोक म्हणतात स्नायू लांबले. बहुतेक वेळा स्नायू तेवढाच असतो, मज्जासंस्था त्या ताणाला घाबरेनाशी होते. म्हणून झटके देऊन पोचण्यात काही अर्थ नाही. झटका दिला की स्नायू उलट आखडतो.

---

खडूस_काका

तोलाचं मान्य. बाकी विचार करतो.

---

झोपमोड

मला शरीरापेक्षा मनाबद्दल लिहायचं आहे. चिंताविकारासाठी माझं औषध चालू आहे, ते आधीच सांगते, म्हणजे 'योगाने गोळ्या सुटल्या' अशी कहाणी कुणी अपेक्षू नये.

पहिल्यांदा वर्गात गेले तेव्हा शवासनात 'आता डोळे मिटा आणि श्वासाकडे लक्ष द्या' म्हटलं की छातीत धडधडायला लागायचं. श्वास अडकतोय असं वाटायचं. शिक्षकांचं म्हणणं, मन मोकळं करा. मन मोकळं करता आलं असतं तर वर्गात कशाला आले असते? नंतर वाचताना कळलं की पॅनिकचा त्रास असणाऱ्यांत हे अगदी नेहमीचं आहे. शरीराच्या आतल्या हालचालींकडे लक्ष गेलं की मेंदू त्याला धोक्याची घंटा समजतो. दुसऱ्या शिक्षिकेने फार साधा बदल सुचवला. डोळे उघडे, पाय दुमडून तळवे जमिनीला टेकलेले, आणि लक्ष श्वासाऐवजी टाचेखालच्या सतरंजीवर. तिची वीण टोचते का, टाच गार आहे की कोमट, एवढंच. श्वास रोखायचा नाही, फक्त सोडताना थोडा लांबवायचा. ते जमलं.

मला सगळ्यात उपयोगी पडलेलं आसन मात्र वृक्षासन. समोर भिंतीवर एक ठिपका धरून एका पायावर उभं राहायचं. उद्या साहेब काय म्हणतील हा विचार शिरला रे शिरला की घोटा डगमगायला लागतो. ध्यानात मन भरकटलं तर कळायलाच बराच वेळ जातो, इथे लगेच कळतं. विचारांचं दळण थांबवायला मला इतकं रोकडं साधन दुसरं मिळालेलं नाही.

अनवट, मेंदूवर काही काम झालंय का हो?

---

अनवट

@झोपमोड, फार नेमकं लिहिलंत.

काम झालंय, पण त्याचे ढोल जरा जास्तच वाजवले गेलेत. मेंदूत गाबा नावाचं एक रसायन असतं, चेतापेशींना शांत करणारं. चिंतेवरची काही औषधं त्याचाच परिणाम वाढवतात. २००७ साली बोस्टनच्या संशोधकांनी तासभर आसनं केल्यावर मेंदूचा स्कॅन करून ते मोजलं. सरासरी २७ टक्के वाढ. तासभर वाचत बसलेल्यांमध्ये काहीच बदल नाही. पण योग करणारे होते फक्त आठ आणि तेही मुरलेले. पुढे २०१० साली त्यांनीच बारा आठवडे योग आणि तितकाच चालण्याचा व्यायाम यांची तुलना केली, तेव्हा मनःस्थिती योगवाल्यांची जास्त सुधारली. काका, चालण्याशी तुलना मागत होता ना? पण गट इथेही लहानच.

नैराश्याबद्दल २०१३ साली १२ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला योगाने फायदा दिसतो, चाचण्यांचा दर्जा मात्र बेताचा. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत मनोविकारांच्या उपचारात योगाची जोड देऊन बरंच काम चालतं, आणि तिथेही शब्द 'जोड' हाच आहे. औषधाच्या जागी नव्हे.

दम्याचंही तसंच. २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात जगणं थोडं सुसह्य झाल्याचं आणि लक्षणं थोडी कमी झाल्याचं दिसलं. पंप खिशात ठेवायचाच.

---

जुनी_वही

चर्चा छान चालली आहे. फक्त 'व्यायाम म्हणून' आणि 'विद्या म्हणून' असा जो तट पडतोय त्याबद्दल थोडं.

पतंजलींच्या सूत्रांची संख्या दोनशेच्या जरा आत, त्यात आसनावर सूत्रं फक्त तीन. बसणं स्थिर आणि सुखाचं असावं, एवढ्यावर ते आसन उरकतात आणि पुढे जातात. शेकडो आसनांचा पसारा पुष्कळ नंतरचा. पंधराव्या शतकातल्या हठप्रदीपिकेतही आसनं पंधराच आहेत. तेव्हा 'हजारो वर्षांपासून जसंच्या तसं' हे म्हणणं खरं नाही, आणि त्यात लाज वाटण्यासारखंही काही नाही. विद्या वाढत जाते.

आणि शास्त्रीय कसोटीचं म्हणाल तर ती पाश्चात्त्यांनी येऊन लावली असाही समज नको. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि सोबत 'योगमीमांसा' हे नियतकालिक. उड्डियान (पोट आत ओढणं) आणि नौली (पोटाचे स्नायू घुसळणं) करताना पोटाच्या आत काय होतं हे त्यांनी क्ष-किरणांखाली पाहिलं, मोठ्या आतड्यातला दाब उपकरणाने मोजला. बाहेरच्या हवेपेक्षा तो कमी होतो हे निघालं. बस्तीत, म्हणजे गुदमार्गाने पाणी आत ओढण्याच्या क्रियेत, पाणी वर कसं चढतं याचं उत्तर मिळालं. शंभर वर्षांपूर्वी एक संन्यासी 'मोजून बघू' म्हणत होता आणि आज आपण ढकलपत्रांवर विश्वास ठेवतो!

---

सतरंजी

मी शिकवते. दोन गोष्टी कळकळीने सांगायच्या आहेत.

पद्मासन. लोकांना वाटतं हे गुडघ्याचं आसन. नाही, ते खुब्याचं आहे. मांडीचं हाड खुब्याच्या खोबणीत बाहेरच्या अंगाला फिरलं तरच पाऊल दुसऱ्या जांघेपर्यंत सुखाने येतं. खुबा फिरत नसेल आणि तुम्ही घोटा धरून पाय वर ओढलात तर सगळा पीळ गुडघ्यात जातो. गुडघा वाकायला आणि सरळ व्हायला बनलाय, आडवा पीळ त्याला सोसत नाही, आतली गादी फाटते. ओळखायची खूण सोपी: ताण कुल्ह्यात किंवा मांडीच्या वरच्या भागात असेल तर चालू द्या, गुडघ्याच्या आतल्या बाजूला कळ आली की त्याच क्षणी पाय खाली. खुब्याच्या हाडाची ठेवण प्रत्येकाची वेगळी असते, काहींना पद्मासन आयुष्यात येणार नाही. न येऊ दे. खुर्चीत बसूनही श्वास तोच आहे.

दुसरं, साधनं वापरायला लाजू नका. लहानपणी क्षय, हिवताप, विषमज्वर असं सगळं सोसलेल्या बी. के. एस. अय्यंगारांनी पट्टे, लाकडी ठोकळे, दोर, खुर्च्या यांचा वापर रूढ केला तो उगाच नाही. वज्रासनात घोटा दुखतो? घोट्याखाली टॉवेलची गुंडाळी. टाचांवर बसता येत नाही? मध्ये उशी. पश्चिमोत्तानासनात गुडघे वाकलेले चालतील, कणा कमानीसारखा वाकवून कपाळ टेकवण्याचा अट्टाहास नको.

---

सांधेदुरुस्ती

वरच्या शेवटच्या वाक्याला +१. हाडं ठिसूळ झालेल्यांनी तर ते भिंतीवर लिहून ठेवावं. मणक्यांचा पुढचा भाग आधीच कमकुवत असतो, पुढे गोल वाकून भार दिला की मणका दबून मोडू शकतो. पाळी बंद झालेल्या बायकांनी, आणि कितीतरी दिवस स्टेरॉइड घेतलेल्यांनी, आधी हाडांची घनता तपासून घ्यावी आणि मग हलासन, पश्चिमोत्तानासनाचा विचार करावा. त्यांच्यासाठी उभ्याची आसनं आणि पाठ ताठ ठेवणारी आसनं जास्त कामाची.

---

तिसरा_डोळा

वाचनमात्र होतो, पण नेत्रतज्ज्ञ असल्याने राहवलं नाही.

शीर्षासनात डोळ्यातला दाब जवळपास दुप्पट होतो. निरोगी डोळा तेवढ्यापुरतं सहन करतो आणि सरळ झाल्यावर दाब उतरतो. काचबिंदू असेल तर हा धोका घेऊ नये. नुसतं शीर्षासनच नाही, अधोमुख श्वानासनातही दाब बऱ्यापैकी चढतो, ते निरुपद्रवी समजून लोक मिनिटभर धरून बसतात. काचबिंदू सुरुवातीला काहीच जाणवू देत नाही, म्हणून चाळिशीपुढे असाल, घरात कुणाला असेल, तर उलट्या आसनांआधी एकदा डोळ्यांचा दाब मोजून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

अवांतर: जलनेती (नाकातून पाणी घालून नाक धुणं) करणाऱ्यांनी पाणी उकळून गार केलेलंच घ्यावं. २०११ साली अमेरिकेतल्या लुइझियानात नळाचं पाणी थेट नाकात घेऊन दोघं दगावले. पाण्यातला अमीबा नाकातून थेट मेंदूत गेला होता. तेच पाणी प्यायलं तर काही होत नाही. प्रकार फार दुर्मिळ, पण उकळायला काय जातं?

---

खडूस_काका

विचार करून आलो. तोलाचं आणि त्या ठिपक्याचं करून पाहिलं. डाव्या पायावर उभा राहतो, उजव्यावर अजिबात नाही. हे काय प्रकरण आहे?

---

सांधेदुरुस्ती

कधी उजवा घोटा मुरगळला होता का? जुन्या मुरगळीनंतर तिथल्या अस्थिबंधातून मेंदूला जाणारी खबर मंदावते, दुखणं गेलं तरी. भिंतीला बोट टेकवून करा, मग बोट सोडा. डोळे मिटून इतक्यात नको.

---

रानजाई

मोबाइलवरून टंकतेय, चुका सांभाळून घ्या. आईला रक्तदाबाची गोळी आहे. तिने अनुलोम-विलोम आणि भ्रामरी सुरू केल्यापासून घरच्या यंत्रावर आकडे छान कमी यायला लागलेत. आता ती म्हणते गोळी बंद करून बघते. मी कसं समजावू?

---

अनवट

@रानजाई, गोळी आपण होऊन बंद करायची नाही, हे आधी. काही गोळ्या एकदम थांबवल्या तर दाब उसळून पूर्वीपेक्षा वर जातो.

आकडे कमी येताहेत हे खरं असू शकतं, संथ श्वासाने रक्तदाब थोडा उतरतो. भ्रामरीने तर गुंजारवामुळे नाकातल्या नायट्रिक ऑक्साइडचं प्रमाण कित्येक पट वाढतं हेही मोजलं गेलंय, पण रक्तदाबाचं श्रेय त्याला देण्याइतकं ते पुरेसं नाही. खरा प्रश्न हा, की त्या मोजतात कधी. प्राणायाम संपल्या संपल्या मोजलं तर तो आकडा तेवढ्यापुरता कमी येतो. तो दिवसभराचा आकडा नव्हे.

त्यांना असं सांगा. सकाळी उठून, गोळी आणि प्राणायाम दोन्हीच्या आधी, पाच मिनिटं गप्प बसायचं. पाठ टेकलेली, तळपाय जमिनीवर, पायावर पाय नाही, पट्टा बांधलेला दंड हृदयाच्या उंचीवर. मिनिटभराच्या अंतराने दोन वेळा मोजायचं, दोन्ही लिहायचे. संध्याकाळी पुन्हा तसंच. आठवडाभराची वही डॉक्टरांना दाखवायची आणि प्राणायाम चालू आहे हेही सांगायचं. आकडे तरीही कमी असतील तर मात्रा कमी करायचं ते ठरवतील. मधल्या काळात उठून उभं राहताना चक्कर येत असेल तर आठवड्याची वाट न बघता फोन करा. आणि कुंभक, म्हणजे श्वास रोखणं, त्यांनी करूच नये. भस्त्रिका, म्हणजे भात्यासारखा भराभर श्वास, तीही नको.

---

रानजाई

धन्यवाद! विचारलं आत्ताच. प्राणायाम झाला की लगेच मोजते म्हणाली, 'तेव्हा चांगला येतो ना!' उद्यापासून नवी वही घालतेय.